जळालेल्या आणि बुडालेल्या पुण्यात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्षमहोदय, उद्घाटक महोदय, राज्याच्या निरनिराळ्या नगरपालिकांतून व महापालिकांतून आलेले अग्निशमन दलांचे अधिकारी आणि जवान, रुग्णवाहिकांवर अहोरात्र काम करणारे डॉक्टर व चालक, आणि ज्यांच्या उदार आश्रयावाचून या मंडपाचा एक खांबही उभा राहिला नसता ते आमचे देणगीदार व नागरिक बंधुभगिनी,

स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचे पुणे शहरात स्वागत करण्याचा मान मजकडे आला, याचे आश्चर्य आपणांपेक्षा मलाच अधिक वाटते. मी रविवार पेठेतला भांड्यांचा व्यापारी. आगीशी माझा संबंध दुकानाचा विमा उतरवण्यापुरता, आणि वैद्यकाशी मधुमेहापुरता. परंतु परिषदेला विद्वान अध्यक्ष लागतो, तसा लोकांपुढे न लाजता हात पसरणारा एक गृहस्थही लागतो, आणि या दुसऱ्या कलेत मजहून निर्ढावलेला मनुष्य समितीस मिळाला नसावा.

ही परिषद पुण्यात का भरावी, असा प्रश्न आमच्या पहिल्याच बैठकीत एका सभासदाने काढला, आणि तो गैरवाजवी नव्हता. मुंबईचा अग्निशमन दलाचा कारभार १८८७ पासून तिथल्या महापालिकेकडे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस एकाच पोटात घेऊन उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचे स्फोट झाले, तेव्हा त्या दलाचे सहासष्ट जण कामावर असताना मरण पावले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ आज सारा देश अग्निशमन सेवा दिन पाळतो. नागपुरास १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. पुण्यापाशी काय आहे? मी त्या सभासदास उत्तर दिले ते असे की, पुणे हे आगीत जळालेले आणि पुरात बुडालेले शहर आहे, आणि यजमानपदाची याहून मोठी पात्रता मला ठाऊक नाही.

शनिवारवाडा आपण येताना पाहिलाच असेल. १७३० साली पहिल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. आज उरला आहे तो तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती; कारण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, आणि सागवानी खांबांचे, तक्तपोशीचे आणि कोरीव छतांचे ते वैभव राखेस मिळाले. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, याच वाड्यात हजारी कारंजे होते. पाणी अंगणात नाचत होते, आणि वाडा जळाला. कारण ते पाणी माडीपर्यंत चढवणारे यंत्र नव्हते, आणि वर्दी मिळताच कोणी कोठे धावायचे हे कोणास नेमून दिलेले नव्हते. मला इतके अग्निशमनशास्त्र समजते. पुढचे आपण सांगावे.

दुसरी आग १३ मे १८७९ च्या रात्रीची. त्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा हे दोन्ही वाडे पेटले. दफ्तरे, न्यायकचेऱ्या, ग्रंथसंग्रह यांची अपरिमित हानी झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ असल्यामुळे सरकारचा संशय साहजिकच तिकडे वळला. पण चौकशीअंती निघाला तो सरकारी बुक डेपोतील रानडे नावाचा एक कारकून, ज्याला आपला अपहार झाकायचा होता. एवढ्याचसाठी आमच्या समितीचे हिशेब दोन निरनिराळ्या वाड्यांत, दोन निरनिराळ्या चिटणिसांपाशी ठेवलेले आहेत. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग मात्र लोकांनी वर्गणी घालून पुन्हा उभा केला, आणि तो आजही लक्ष्मी रस्त्याजवळ उभा आहे. प्रतिनिधींनी तो अवश्य पाहावा. त्याच्या दर्शनी भागावरील लाकडी खांबांचे काम पाहिल्यावाचून जो पुण्याहून परततो, त्याचा प्रवासखर्च फुकट गेला असे मी समजतो.

आता मला आपली थोडी अधिक वेळाची परवानगी हवी आहे, कारण मी कात्रजच्या नळाविषयी बोलणार आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधवून तेथून थेट शहरापर्यंत, जमिनीखालून, दगडी बांधणीचा नळ आणवला. नळ म्हणजे माणूस आत उतरून चालू शकेल असे भुयार. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उसासे. आणि शेवटी पेठापेठांतून हौद. ना पंप, ना वाफ, ना वीज. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी दोन कोसांहून अधिक अंतर चालून येई आणि शनिवारवाड्यापासून सामान्य रयतेच्या घागरीपर्यंत पोहोचे. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावाकडून सदाशिव पेठेच्या हौदास पाणी आणले, रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेस आणले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे आज रिक्षावाल्यास पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. माझ्या मते त्या काळच्या पुण्याचे खरे वैभव वाड्यांत नसून या भुयारांत होते, आणि ते आपल्या मोटारींच्या चाकांखाली असल्यामुळे कोणी पाहत नाही. कात्रजच्या नळाचा आपल्या परिषदेशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर बंबाला पाणी लागते, एवढेच उत्तर देऊन मी पुढे जातो.

पण हौद असणे निराळे आणि तो सर्वांस खुला असणे निराळे. १८६८ साली गंज पेठेत महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्याच घरातील एका विस्मृत पुरुषाचे नाव आज या व्यासपीठावरून घेणे मी माझे कर्तव्य समजतो. डॉ. यशवंतराव फुले हे जोतीराव-सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मले, या दाम्पत्याच्या घरी वाढले, वैद्यक शिकले आणि सैन्याच्या वैद्यकीय नोकरीत गेले. १८९७ च्या प्लेगात शहर ओस पडले, घरझडत्यांच्या धाकाने लोक रोगी लपवू लागले, तेव्हा हडपसरच्या बाजूस मोकळ्या माळावर यशवंतरावांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. या दवाखान्यास रुग्णवाहिका नव्हती, सावित्रीबाई होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंचे नाव आज विद्यापीठास आहे, हे योग्यच झाले. यशवंतरावांचे नाव एखाद्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यासही दिलेले मी पाहिलेले नाही. या राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तिच्या गाड्यांतून डॉक्टर स्वतः रोग्याच्या दारी जातो. त्या डॉक्टरांपैकी जे आज येथे आहेत, त्यांनी परतण्यापूर्वी हडपसरची ती बाजू एकदा पाहून घ्यावी अशी माझी विनंती आहे.

पुराविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण तो ज्यांनी पाहिला ते अजून सभागृहात बसलेले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांतून माड्यांपर्यंत पाणी आले. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, त्यामुळे आणि पाणी दिवसा आल्यामुळे पुष्कळ जीव वाचले. गंमत अशी की, शहर पाण्याने उद्ध्वस्त झाले आणि त्याच दिवशी शहराच्या नळांचे पाणी गेले. वाड्यांतल्या विहिरींची आणि जुन्या हौदांची आठवण लोकांना तेव्हा झाली. मी मघाशी कात्रजच्या नळावर वेळ घालवला, त्याबद्दल ज्यांनी घड्याळ पाहिले त्यांस हे निवेदन.

आता क्षमायाचना. प्रतिनिधींची निवासव्यवस्था तीन कार्यालयांत विभागावी लागली. लग्नसराई असल्यामुळे चौथ्या कार्यालयाच्या मालकाने आयत्या वेळी शब्द फिरवला, त्याचे नाव घेत नाही. सकाळी गरम पाणी पाच ते सातपर्यंतच मिळेल. गाद्या पुरेशा आहेत, उशा नाहीत. नागपूर व अमरावतीकडील मंडळींना जेवण तिखट कमी वाटेल, कोल्हापूरकरांस ते तिखटच वाटणार नाही; आचाऱ्यास सूचना दिलेली आहे, पण तो पुण्याचा आहे. ध्वनिक्षेपकाने काल रात्रीच्या चाचणीत जो आवाज काढला तो आज काढणार नाही, असे कंत्राटदाराने लेखी दिले आहे.

देणगीदारांचे ऋण मी कोणत्या शब्दांत मानू? तांबट आळीतील कारागिरांनी पिण्याच्या पाण्याची तांब्याची पिंपे विनामूल्य दिली. भुसार व्यापाऱ्यांनी तांदूळ व डाळ दिली, गुळासाठी मात्र आम्हांस दोन फेऱ्या माराव्या लागल्या. लाकूड बाजारातील वखारवाल्यांनी, ज्यांचा आणि बंबांचा ऋणानुबंध सर्वविदित आहे, मंडपाचे वासे दिले. आमच्या पेठेतील गणेशोत्सव मंडळांच्या मुलांनी स्वयंसेवकांचे काम पत्करले. एका वृद्ध भगिनीने आपले नाव व पेठ कोठेही न छापण्याच्या अटीवर मोठी रक्कम आणून दिली. तिच्या घरी काही वर्षांपूर्वी सिलिंडर पेटला होता आणि बंबाचे जवान वेळेवर पोहोचले होते, एवढेच तिने सांगितले. ज्यांची नावे अनवधानाने राहिली असतील त्यांनी रोष न धरता चिटणिसांकडे चिठ्ठी द्यावी. समारोपाच्या वेळी ती वाचली जातील. ज्यांनी आकडा घातला पण रक्कम अद्याप दिली नाही, त्यांचीही यादी चिटणिसांकडे आहे, ती तूर्त वाचली जाणार नाही.

अध्यक्षमहोदयांस भाषणासाठी विनंती करण्यापूर्वी एकच सूचना. सभागृहाच्या पूर्वेकडील दारापाशी, ‘अग्निशमन वाहनासाठी राखीव’ अशी ठळक पाटी असलेल्या जागेत, या क्षणी सहा मोटारी उभ्या आहेत, आणि त्यांपैकी काहींवर स्वागत समितीचे बिल्ले आहेत. त्यांच्या मालकांनी कृपा करून आत्ताच उठावे आणि वाहने मैदानात नेऊन लावावीत. तोवर अध्यक्षमहोदय थांबतील.