आहार आणि औषध

एच. आय. व्ही. जडलेल्या माणसाला अन्न अधिक लागते. लक्षणे दिसू लागली की शेकडा २० ते ३० उष्मांक जास्त. मजुरीत ते बसवायचे कसे, हा आमचा रोजचा प्रश्न. पण अन्नाने औषधाचे काम होत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्री मांटो चबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू सांगत राहिल्या. 'कोसाटू' हा तेथील कामगार महासंघ सत्ताधारी पक्षाचा दोस्त. तरीही औषधासाठी तो सरकारविरुद्ध उभा राहिला. (मालकाशी भांडणे त्यामानाने सोपे!) २००३ साली औषधयोजना मंजूर झाली. तरी २००६ मध्ये टोरांटोच्या एड्स परिषदेत त्या सरकारच्या दालनात लसूण मांडलेला होताच. आणि लसणाच्या गोळ्यांनी साक्विनाविर या एड्सवरील औषधाचे रक्तातले प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, हे तर २००१ सालीच छापून आले होते.