गोष्टीची किंमत आणि गोष्टीची लांबी



कादंबरी शिकवणाऱ्या बाईने साहित्याच्या व्यासपीठावरून किमतीबद्दल बोलावे, हे काहींना खटकेल. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांनी तसे बोलूनही दाखवले. पण या विषयाकडे मी ग्रंथांतून आले नाही. आईच्या फोनमधून आले, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

माझी आई 82 वर्षांची आहे. इंदूरला आमची ही चौथी पिढी. आठवड्याला वाचनालयातून दोन पुस्तके आणणारी ही बाई. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेचे दिसते, समोरचे अक्षर दिसत नाही. मी तिच्या फोनवर गोष्टी ऐकवणारे एक अ‍ॅप घालून दिले. एक मराठी मालिका तिला आवडली. एक सून, एक हरवलेला वारसा, दहा-दहा मिनिटांचे भाग. सुरुवातीचे फुकट होते. पुढे भाग उघडायला 'नाणी' लागू लागली. नाण्यांचा एकेक गठ्ठा पन्नास रुपयांच्या आत, त्यामुळे कुणालाच काही वाटले नाही; शेजारचा मुलगा बटणे दाबून देई. चार महिन्यांनी पासबुक भरून आणले, तेव्हा सव्वाचार हजार रुपये गेल्याचे कळले. आई शरमली. म्हणाली, "अगं, रोज वाटायचं, उद्या संपेल."

माझ्या भाच्याने हिशेब पाहिला आणि हसून म्हणाला, "मावशी, हे तर गेमचं गणित आहे." त्या संध्याकाळी त्याने माझा तासभर वर्ग घेतला. त्यातले थोडे सांगते.

गेम विकण्याच्या ठळक दोन रीती आहेत. एक म्हणजे पुस्तकासारखी: एकदा किंमत द्या, सगळा गेम तुमचा. स्टीम या दुकानाने 2015 मध्ये आपल्याकडे रुपयांत किमती लावल्या. तोवर आमचा भाचा डॉलरचा भाव गुणून उसासे टाकत असे. पुढे अनेक गेम इथे अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळू लागले. शिवाय वर्षातून काही वेळा सेल लागतो, त्याची मुले दिवाळीसारखी वाट पाहतात. दुसरी रीत उलटी. गेम फुकट, पण थांबणे महाग. 2012 साली आलेला 'कँडी क्रश सागा' आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल (हात वर करायला सांगत नाही). त्यात पाच जीव मिळतात, ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. थांबवत नसेल तर पैसे द्या. म्हणजे इथे विकली जाते ती खेळणाऱ्याची अधीरता. रुपयांची नाणी केली की खर्च दिसेनासा होतो, आणि गठ्ठा असा बांधलेला असतो की शेवटी दोन-चार नाणी उरतातच. उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचा गठ्ठा घेतो.

हे ऐकताना माझ्यातली शिक्षिका जागी झाली. कारण गेममध्ये अडथळा कुठे घालायचा हे जसे किंमत ठरवते, तसेच गोष्टीतला प्रसंग कुठे तोडायचा हेही तीच ठरवू लागली आहे. दर भागाला पैसे मिळत असतील, तर शेवट हा धंद्याचा तोटा. आईच्या मालिकेत सून दार उघडायला उठली आणि तीन भागांनंतर तिने कडी काढली, हे मी स्वतः ऐकले आहे.

आता, किमतीने गोष्टीला आकार देणे ही काही आजची गोष्ट नव्हे. 1842 साली लंडनमध्ये मुडी यांचे वाचनालय सुरू झाले. वर्षाला एक गिनी वर्गणी, आणि एका वेळी एक खंड घरी. साहजिकच कादंबरी तीन खंडांची असणे वाचनालयाच्या सोयीचे होते, आणि इंग्रज लेखकांनी पन्नासेक वर्षे गोष्टी ताणून तीन खंड भरले. 1894 मध्ये मोठ्या वाचनालयांनीच ते नकोसे म्हटल्यावर तो आकार बघता बघता संपला. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' काढले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः छापल्या. 'पण लक्षात कोण घेतो?' तशीच आली. तिथेही वाचक पुढच्या प्रकरणासाठी तळमळत असणार. पण वर्गणी पत्राची होती, यमूच्या पुढच्या दुःखाची नव्हती. हा फरक मला मोठा वाटतो. रेडिओचेही तेच. आमच्या लहानपणी रेडिओला परवाना लागे, त्याचे शुल्क वर्षाला एकदा पोस्टात भरायचे. मग 'हवामहल' ऐका नाहीतर नभोनाट्य. पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात गोष्ट संपवल्याने कुणाचे काही बुडत नव्हते.

तुम्ही म्हणाल, बाजार आहे, ज्याला हवे तो ऐकेल. मीही तसेच म्हटले असते, पण आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी आहोत. आपल्या पुढच्या पिढीची मराठी कानातच उरली आहे. हैदराबाद किंवा बडोद्याच्या मराठी घरातल्या मुलीला हिंदीमुळे देवनागरी येते, घरची बोलीही येते, पण मराठीची पंचवीस पाने सलग वाचताना ती दमते. परदेशात वाढलेल्यांना तर लिपीच येत नाही. त्यांच्यासाठी ऐकणे हेच वाचन. मग त्यांच्या कानावर पडणारी मराठी कोणत्या हिशेबाने लिहिली जाते, हा प्रश्न आपला होतो.

दुसरी वाटही आहे. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आले ते मराठी घेऊनच. महिन्याची वर्गणी, हवे ते ऐका. चांगली मराठी पुस्तके त्यामुळे ऐकता आली. आईलाही आता मी वर्गणीचेच अ‍ॅप घेऊन दिले आहे. तिची तक्रार निराळी: "हे लोक फार नीट बोलतात गं." तिला आपल्या इंदुरी वळणाचा आवाज हवा होता.

म्हणून एम.ए.च्या पाच विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी फोनवर वाचायला घेतले. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे उलटली की आपल्या कायद्याने पुस्तक मोकळे होते. आपटे मोकळे आहेत, साने गुरुजीही 2011 पासून मोकळे. दर शनिवारी एक प्रकरण. मुलांनी ते एका गटात टाकले, आणि कोण कुठून आले कळले नाही. बेळगाव, ग्वाल्हेर, बडोदे, न्यू जर्सीचा एक शाळकरी मुलगा. बेळगावच्या एका आजोबांनी उच्चार सुधारले, त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. सध्या 60 जण आहेत.

पण तासभर नीट ध्वनिमुद्रण करायला मुलांचे चार तास जातात, आणि त्यातली दोघे शिकवण्या घेऊन फी भरतात. हे फुकट किती दिवस चालणार? अकादमी ग्रंथप्रकाशनाला अनुदान देते. तसे ते पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणालाही द्यावे, आपल्या गावांतल्या आवाजांना द्यावे, अशी माझी आजची मागणी आहे. एक अट मात्र घाला. मानधन पूर्ण पुस्तकावर द्या, मिनिटांवर नको. नाहीतर आमची मुलेही कडी काढायला तीन भाग घेतील.

आई शनिवारची वाट पाहते. तरी त्या सुनेचे पुढे काय झाले, हे तिला अजून जाणून घ्यायचे आहेच. मागच्या आठवड्यात भाच्याने तिच्यासाठी पाहून सांगितले: भाग 911, वारसा अजून सापडलेला नाही.