पिल्लू घरात येते तेव्हा

जबलपूरच्या सिविल लाइंसची वस्ती इंग्रजी अमदानीतली. रुंद व्हरांडे, ऐसपैस आवार आणि फाटकाशी बांधलेला कुत्रा, हे तेथील बंगल्यांचे ठरीव रूप. पिलाने घाण कोठे करावी हा प्रश्न त्या काळी फारसा उद्भवत नसे. कुत्र्याची हद्द व्हरांड्याच्या पायरीशी संपत असे. आता मजल्यांच्या घरांत, दोन-तीन खोल्यांच्या संसारात दोन महिन्यांचे पिल्लू येते. मुले हर्षभरित होतात. तिसऱ्या दिवशी सतरंजीवर डबके दिसते, आजीबाई देवघराचे दार लावून घेतात, आणि आठवडा उलटण्यापूर्वी “हे कुठेतरी सोडून या” अशी भाषा सुरू होते. सबळ कारणावाचून पाळीव प्राणी असा टाकून देणे हा १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, याची कित्येकांना वार्ताही नसते.

वस्तुतः स्वच्छतेचा पहिला धडा पिलाला माणसाकडून नव्हे, आईकडून मिळतो. नवजात पिलाला स्वतःहून मूत्रविसर्जनही साधत नाही. कुत्री त्याला जिभेने चाटते तेव्हाच ते घडते, आणि तीच सारे स्वच्छ करते. तीन आठवड्यांच्या सुमारास पायांत बळ आले की पिल्लू निजण्याच्या जागेपासून चार पावले दूर सरकून विधी उरकू लागते. दोन महिन्यांच्या पुढे त्याच्या पायांना एक ठरावीक स्पर्श आवडू लागतो. हरळीची सवय लागली तर हरळी, सतरंजीची लागली तर सतरंजी! बिचाऱ्याला दोहोंतला भेद कोणी सांगितलेला नसतो.

म्हणून सारे कौशल्य वेळ साधण्यात आहे. झोपेतून उठल्यावर, खाणे झाल्यावर, खेळ थांबल्यावर पिलाला तत्काळ एकाच नेमलेल्या जागी न्यावे आणि मुकाट्याने उभे राहावे. विधी होताच, तेथल्या तेथे, शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्यावा. घरात परतून दिलेला तुकडा व्यर्थ जातो. तो परतण्याचे बक्षीस ठरतो. वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, तितके तास पिल्लू दिवसा फार तर दम धरते, असा एक ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांच्या पिलाकडून रात्रभराच्या संयमाची अपेक्षा करणे हा शुद्ध अन्याय होय.

त्याहून मोठा अन्याय मारण्याचा. डबक्यात नाक घासण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. दहा मिनिटांपूर्वीच्या कृत्याशी या शिक्षेचा संबंध पिलाला जोडता येत नाही; ते एवढेच शिकते की माणसांच्या देखत विधी करणे धोक्याचे. मग ते पलंगाखाली जाते, आणि लोक त्याला लबाड ठरवतात. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी यज्ञभूमीवर आलेल्या सरमेच्या पिलाला मारले. त्याने हवी चाटला नव्हता, त्याकडे पाहिलेही नव्हते. निरपराध पुत्राला का मारले, हा सरमेचा प्रश्न होता, आणि राजकुळाजवळ त्याला उत्तर नव्हते.

घाण झालेली जागा नुसत्या पाण्याने पुसून भागत नाही. अमोनियायुक्त द्रावणाने पुसली तर उलट मूत्राचीच खूण पक्की होते. वास मुळापासून मोडणारी विकरयुक्त द्रावणे आता मिळतात, तीच वापरावीत.

गावाच्या हवेचाही विचार हवा. जबलपूरच्या मे महिन्यात भर दुपारी गच्चीची फरशी पिलाचे तळवे भाजून काढते. पावसाळ्यात तेच पिल्लू दारातून पाऊल काढत नाही. शिवाय लसीकरण पुरे होण्याआधी, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, भटक्या कुत्र्यांचा वावर असलेली जागा टाळणेच श्रेयस्कर. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्होचा रोग विष्ठेवाटेच फैलावतो. अशा वेळी सज्जात एका पसरट घमेल्यात माती घालून वर हरळीचा थर लावावा. पुढे अंगणातली हरळी पिलाला अनोळखी वाटत नाही.

एवढे करूनही शिकलेले पिल्लू एकाएकी वारंवार घरात लघवी करू लागले, तर तो हट्ट न समजता मूत्रमार्गाच्या विकाराची शंका घ्यावी. सिविल लाइंसमध्येच १९४८ साली निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील रहिवाशांना त्यासाठी दूर जावे लागत नाही.

राहता राहिली रात्र. पहिले काही आठवडे मध्यरात्री एकदा उठावेच लागते. घमेल्यापर्यंत पिलाला कोणी न्यायचे, हे ते घरी आणण्यापूर्वीच ठरलेले बरे. मुलांनी दिलेला शब्द परीक्षा जवळ येईपर्यंतच टिकतो.