गर्भवतीचा रक्तक्षय आणि घरची समजूत

विटा हें सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण. सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारीं येथील कुटुंबें भारतांतील दूरदूरच्या शहरीं जाऊन राहिलीं आहेत. तरी लेकीचें पहिलें बाळंतपण माहेरीं करावें, ही रीत सुटलेली नाहीं. सातव्या महिन्यांत लेक प्रवासाला निघते, तेव्हां ओटीचें लुगडें, बांगड्या आठवणीनें पेटींत ठेवल्या जातात. लोहाच्या गोळ्या मात्र सासरच्या फडताळांत राहून जाणें अगदीं सोपें असतें.

ही चूक लहान नव्हे. गर्भारपणीं शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी भरलें, म्हणजे तो रक्तक्षय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील सुमारें ४६ टक्के गर्भवतींना तो आढळला. थकवा व धाप 'या दिवसांत व्हायचेंच' म्हणून सोडून दिली जाते. परंतु रक्त आधींच कमी असलेल्या स्त्रीस प्रसूतींतील रक्तस्राव सोसत नाहीं. मूल अपुऱ्या दिवसांचें किंवा कमी वजनाचें होण्याचा धोकाही वाढतो.

१९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली आणि गिरणींतील गर्भवती कामकरी स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध तिनें हातीं घेतला. जंतूंचा तपास झाला. कारण सांपडलें तें त्यांच्या ताटांत. यीस्टच्या स्वस्त अर्कानें त्या बऱ्या होऊं लागल्या. त्यांतील गुणकारी द्रव्य फॉलिक ॲसिड असल्याचें पुढें ठरलें. आज गर्भवतीच्या गोळींत लोहाबरोबर तेंच असतें.

ही गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें १८० दिवस व बाळंतपणानंतर पुन्हां तितकेच दिवस घ्यावयाची असते. सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळते. गोळी घ्यावी, हें सुशिक्षित घरांत ठाऊक असतें. परंतु मध्येंच कां सुटते, याची चौकशी होत नाहीं. गोळीनें मळ काळा होतो. त्यांत अपाय नाहीं. मळमळत असल्यास ती रात्रीं जेवणानंतर घ्यावी. गोळीनें मूल काळें होतें, किंवा फार वाढून बाळंतपण अडतें, ही समजूत निराधार आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र लोह अंगीं लागूं देत नाहीं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळीं घ्यावी.

बाजरीची भाकरी, हुलगा, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला हे जिन्नस विट्याकडील स्वयंपाकघराला परके नाहींत. वर लिंबू पिळल्यास त्यांतील लोह अधिक लागतें. तरी एकट्या आहारानें गर्भारपणाची गरज भागत नाहीं. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खालीं गेलें, तर गोळ्यांवर विसंबून न राहतां ताबडतोब रुग्णालय गांठावें.

डोहाळजेवण हौसेनें व्हावेंच. पण सून माहेरीं निघतांना तिच्या पेटींत गोळ्या आणि तपासणीचें कार्ड आहे कीं नाहीं, हें सासूबाईंनीं पाहावें; आणि लेक दारांत येतांच आईनें तें मागून घ्यावें. 'खातेस ना?' या प्रश्नाबरोबर 'आजची गोळी झाली ना?' एवढें रोज विचारणारें माणूस दोन्हीं घरीं हवें.