इंजिन गेलं नव्हतं, टायमिंग गेलं होतं

कर्जाचा हप्ता, बँकेचं खातं, गटाचं रजिस्टर यांवर आपण इथं नेहमी बोलतो. आज मी जुन्या बुलेटवर बोलणार आहे. हसू नका. हा विषयसुद्धा शेवटी घरातल्या पैशाचाच आहे.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले. मागं दोन लेकरं, एक म्हैस आणि पडवीत उभी १९८६ सालची बुलेट. गाडी कशीबशी चालू व्हायची, पण रेस सोडली की धडपडून बंद पडायची. किक मारली तर किक उलटी यायची. दिराच्या मुलाचा घोटा त्यात चांगलाच सुजला. मग एक गिऱ्हाईक आलं. "इंजिन गेलंय वहिनी, भंगारात जाणार. १५,००० देतो," म्हणालं. वहिनींना गटाचा हप्ता भरायचा होता, थोरलीची फी द्यायची होती. बैठकीत मला म्हणाल्या, "ताई, देऊन टाकू का?" मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबा. अप्पांना घेऊन येते."

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म फिटरकीत गेला. लहानपणी ते गाडी खोलायचे तेव्हा टॉर्च धरायचं काम माझं. त्यामुळं यातलं थोडंफार मलाही कळतं.

आधी टायमिंग म्हणजे काय ते सांगते. पंचमीचा झोका आठवा. झोका आपल्याकडं येऊन मागं फिरायला लागतो, नेमका तेव्हा ढकलायचा असतो. येत असतानाच ढकलला, तर आपल्याच मनगटाला हिसका बसतो. उशिरा ढकलला, तर जोर वाया जातो. इंजिनात पिस्टन हा झोका आणि प्लगची ठिणगी हा धक्का. पेट्रोलचा जाळ पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती फार आधी पडली की किक उलटी येते आणि गाडी स्लोवर टिकत नाही. फार उशिरा पडली की इंजिन तापतं आणि ओढत नाही.

वहिनींच्या गाडीला आधी दोघातिघांचे हात लागले होते. प्रत्येकानं कार्बोरेटरचे स्क्रू पिळले होते. अप्पा म्हणाले, "कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. आधी ठिणगी बघायची."

आम्ही चावी बंद केली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि प्लग काढला. तो काळा, काजळी धरलेला होता. मग पॉइंटचं झाकण उघडलं. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे दोन छोटे संपर्क. ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. ते पूर्ण उघडे असताना मधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. इथं कुणीतरी नवा पॉइंट अंदाजानं बसवला होता आणि फट जवळजवळ दुप्पट होती. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते. उलटी किक तिथूनच येत होती. म्हणून आधी फट लावायची आणि मगच टायमिंग. उलटं केलं तर सगळं परत करावं लागतं.

पॉइंटच्या प्लेटखाली दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की ती वजनं पसरतात आणि ठिणगी आपोआप लवकर पाडतात. वेग उतरला की ती मिटायला हवीत. दोन वर्षं गाडी उभी राहून ती गंजली होती, पसरली की तशीच अडकायची. अप्पांनी ती साफ करून खिळीवर तेलाचा एकच थेंब सोडला. पॉइंटला मात्र तेल लागू द्यायचं नाही.

मग टायमिंग. जुन्या ३५० बुलेटला, ही वजनं मिटलेली असताना, पिस्टन वर पोचायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडायला लागला पाहिजे. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेलीच फेरी धरायची. पॉइंट कधी उघडला हे कळायला गाडीवरच सोय आहे. दिवे बंद ठेवून चावी चालू करा आणि ॲमीटरचा काटा बघा. पॉइंट मिटलेला असला की काटा वजा बाजूला झुकतो, उघडला की मध्ये येतो. अप्पा इंजिन हळूहळू फिरवत होते आणि काटा बघायचं काम वहिनींकडं दिलं होतं. "आला, मध्ये आला!" असं त्या ओरडल्या, तेव्हा अप्पांनी प्लेट तिथंच कसली. चावी उगाच चालू ठेवायची नाही. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

नवा प्लग लावला, गाडी चालू करून गरम होऊ दिली आणि मग कुठं कार्बोरेटरला हात लावला. आधी स्लोचा स्क्रू फिरवून गाडी कशीबशी चालती ठेवली. मग हवेचा स्क्रू हलक्या हातानं आतबाहेर करत, इंजिन जिथं सर्वांत एकसारखं चाललं तिथं ठेवला. मग स्लोचा स्क्रू कमी करत आणला, एकेक ठोका मोजता येईल इतका. टायमिंग चुकलेलं असताना हेच स्क्रू पिळत बसलात, तर दुखणं झाकतं, जात नाही.

खर्च हजाराच्या आत झाला. पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक आलं. वहिनींनी काटा मध्ये आणला, डिकॉम्प्रेशनची दांडी दाबून किक थोडी खाली नेली, दांडी सोडली आणि पुतण्याला म्हणाल्या, "आता मार." गाडी एका किकेत चालू झाली. गिऱ्हाईक ५५,००० वर आलं. वहिनी म्हणाल्या, "विचार करून सांगते." अजून त्यांनी विकलेली नाही. विकतील किंवा ठेवतील, पण आता घाई त्यांना नाही, गिऱ्हाइकाला आहे.

मैत्रिणींनो, गाडी असो, मोटार असो, नाहीतर पिठाची गिरणी, "गेलं" असं कुणी म्हणालं तर विचारा, नेमकं काय गेलं? दाखवा म्हणावं. दुसऱ्या जाणत्या माणसालाही दाखवा. आणि मालक वारले असतील, तर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवून फॉर्म ३१ भरा आणि गाडी आपल्या नावावर करून घ्या. वहिनींचं ते राहून गेलं होतं. सध्या आमच्या त्याच खेपा चालू आहेत.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.