महारोहिणीचा जंतुदोष : शस्त्रक्रिया व गावाची दक्षता

रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणी सुरू झाली की शेतकऱ्याचे पाय दिवसच्या दिवस चिखलात असतात. पायाला जखम होते, ताप येतो आणि ‘पावसाळी ताप’ म्हणून तो अंगावर काढला जातो. बहुधा तो उतरतोही. क्वचित मात्र रक्तात शिरलेले जंतू महारोहिणीच्या भित्तीत ठाण मांडतात. हृदयातून निघून पोटात उतरणारी, तेथे सुमारे २ सेंटिमीटर रुंद असलेली ही रक्तवाहिनी मग नासते, फुगते आणि फुटल्यास प्राणावर बेतते. आजच्या भाषणाचा विषय हाच विकार आहे.

स्टॅफिलोकॉकस व साल्मोनेला हे जंतू त्यास बहुधा कारणीभूत असतात. ओल्या मातीत राहणारा मेलिऑयडोसिसचा जंतूही कधी हा विकार घडवितो. कर्नाटकच्या किनारी जिल्ह्यांत मेलिऑयडोसिसचे रुग्ण आढळले आहेत. कोकणची भातशेती व पाऊसही तसाच आहे. मधुमेही व्यक्तीस त्याचा धोका विशेष.

नुसत्या औषधाने हा फुगा सहसा बरा होत नाही. शल्यचिकित्सक नासलेला भाग काढून टाकतात. पायांकडे रक्त नेण्यासाठी त्याच जागी नवी नलिका शिवतात, किंवा काखेतून जांघेपर्यंत त्वचेखालून वेगळी वाट करून देतात. नलिका मृत दात्याच्या रोहिणीची, रुग्णाच्याच मांडीतील शिरेची, अथवा रिफाम्पिसिनमध्ये भिजविलेल्या डेक्रॉन कापडाची असते. तिच्याभोवती पोटातील वपेचे आवरण घालतात. कापडाला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने त्यावर बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. जंतुदोष झालेली अशी नलिका पुष्कळदा काढावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे शिरेतून व पुढे अनेक महिने तोंडाने औषध चालते. काहींना ते आजन्म घ्यावे लागते.

ही शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातच होते. पण तिचे यश गावात ठरते. तापाबरोबर पाठ वा पोट दुखत असेल, किंवा औषध थांबताच ताप परतत असेल, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शक्यतो प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त जंतुतपासणीसाठी घेतले जावे. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात ठेवावी व चिखलात गमबूट वापरावेत. शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या रुग्णाची गोळी चुकत नाही ना, याची विचारपूस शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी करावी. शल्यचिकित्सकाने वाचविलेला जीव अशा विचारपुशीनेच टिकतो.