पाच पोती, साडेबारा रुपये

संगणकाला एकच हिशेब दोनदा विचारला तर उत्तर एकच येणार, अशी आपली समजूत असते. माझीही होती. 2019 च्या अखेरीस ती मोडली.

मी नांदेडला प्रोग्रॅम लिहितो. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम मी पायथन भाषेत केला होता. मालाची किंमत धरायची, त्यातून हमाली-तोलाई वजा करायची, एवढंच काम. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे पाहायला आम्ही छोट्या चाचण्या लिहून ठेवतो : अमुक दिलं की तमुक आलंच पाहिजे. माझ्याकडं पायथन 2.7 होतं. त्याची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबणार होती, म्हणून लातूरच्या सहकाऱ्यानं तिसरी पिढी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "काय करून ठेवलंस रे? नांदेडात पास अन् लातुरात नापास!" लातूर पॅटर्नच्या गावाकडून हे ऐकावं लागलं.

पहिला संशय शेतकऱ्यांच्या नावांवर गेला, कारण देवनागरी अक्षरं हाताळण्यात या दोन पिढ्यांत मोठा फरक आहे. दोन दिवस त्यात गेले. नावं निर्दोष निघाली. मग एकाच संगणकावर दोन्ही आवृत्त्या ठेवल्या आणि पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या. चाचणीतली हमाली पोत्याला अडीच रुपये. सात पोत्यांचे साडेसतरा, दोन्हीकडं 18. पाच पोत्यांचे साडेबारा. जुन्यात 13, नव्यात 12. नऊ पोत्यांना 23 आणि 22!

जुनं पायथन बरोबर अर्धा आला की वर ढकलायचं. नवं जवळच्या सम आकड्याकडं जातं. ही चूक नव्हे, ठरवून केलेला बदल आहे. अर्धा दरवेळी वरच ढकलला तर हजारो नोंदींची बेरीज फुगत जाते. आणि इथं फुगत होती ती शेतकऱ्याची वजावट.

मग खरं कोणतं? माझ्या चाचणीत 13 होते, ते जुन्या संगणकानं सांगितले म्हणून. मुनीमजींना मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, "अहो, मधेच कशाला रुपया करता? पन्नास पैसे आले तर पन्नास पैसे लिहा. शेवटच्या बेरजेला एकदाच बघू."

आता पाच पोत्यांपुढं 12.50 लिहिलंय आणि दोन्ही आवृत्त्यांत तेच येतं. शेवटी हातात पडणाऱ्या रकमेत आठ आणे उरले तर ते शेतकऱ्याच्या बाजूनं पुरा रुपया धरायचे, हेही मुनीमजींनीच सांगितलं. तो नियम मी वेगळ्या ओळीत लिहिलाय, पायथनच्या मर्जीवर सोडलेला नाही.